पॅलेस थिएटर ते केशवराव भोसले नाट्यगृह : माईक नव्हता तेव्हाचं गाणं

रंगपट

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री मी पुण्यात होतो. शाळेतल्या मित्रांच्या गटावर एकामागून एक व्हिडिओ पडायला लागले. पहिला उघडला तेव्हा वाटलं, कोल्हापूरच्या खासबागेत कुणीतरी काहीतरी पेटवलंय. मग ज्वाळांच्या पुढ्यात ती ओळखीची दगडी दर्शनी बाजू दिसली. दुसऱ्या दिवशी नागपंचमी, आणि गायकनट केशवराव भोसल्यांची जयंतीही. जयंतीच्या आदल्या रात्री त्यांच्याच नावाचं थिएटर जळावं, याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

अकरावीतल्या भाच्याने तेव्हा मला विचारलं होतं, "मामा, एवढं काय त्यात? जुनं थिएटर होतं. नवीन बांधतील की." त्याला उत्तर द्यायला बसलो आणि लांबलं. ते इथे टाकतोय. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर कान धरावा.

१९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी युरोपातली प्रेक्षागृहं पाहिली, रोमचं ते प्राचीन गोल मैदानही पाहिलं. परत येताना लोक कापडचोपड आणतात. महाराजांच्या डोक्यात मात्र दोन इमारती होत्या. एक खासबागेचं कुस्तीचं मैदान आणि दुसरं त्याला पाठ लावून उभं राहिलेलं पॅलेस थिएटर. थिएटरचं काम १९१३ मध्ये सुरू झालं आणि १९१५ मध्ये ते उघडलं. एकीकडे लाल मातीत शड्डू, पलीकडे ऑर्गनचा सूर, मधे भिंत. पैलवान आणि गवई यांना एकाच अंगणात जागा देणारा दुसरा राजा मला तरी माहीत नाही.

आता साल लक्षात घ्या. १९१५. ध्वनिक्षेपक आपल्या रंगभूमीवर यायला अजून बराच अवकाश होता. त्या काळची संगीत नाटकं म्हणजे पदांची रास, वन्समोअरवर वन्समोअर, आणि खेळ पहाटेपर्यंत. शेवटच्या रांगेत चार आण्यांचं तिकीट काढून बसलेल्या माणसाला शब्द आणि सूर दोन्ही ऐकू गेले पाहिजेत, तेही नुसत्या गळ्यातून. ही इमारत त्या गरजेतून बांधलेली होती. भाच्याला मी एवढंच सांगितलं, की अरे, ते थिएटर नव्हतं, ते वाद्य होतं. तो म्हणाला, "मामा, डायलॉग नको."

केशवरावांबद्दल थोडंसं. जन्म ९ ऑगस्ट १८९०, कोल्हापूरचा. घरची गरिबी, त्यामुळे लहानपणीच 'स्वदेशहितचिंतक' नाटक मंडळीत. देवलांच्या 'शारदा'मधली त्यांची शारदा लोकांनी डोक्यावर घेतली. १ जानेवारी १९०८ ला हुबळीत त्यांनी स्वतःची 'ललितकलादर्श' नाटक मंडळी काढली, तेव्हा वय अठराही पूर्ण नव्हतं. ४ ऑक्टोबर १९२१ ला विषमज्वराने गेले. एकतीस वर्षांचं आयुष्य. पुढे १९५७ साली पॅलेस थिएटरला त्यांचं नाव दिलं गेलं. आमचे आजोबा मात्र शेवटपर्यंत 'पॅलेस'च म्हणायचे.

---

पंचगंगा

रुमाल टाकून ठेवते. सविस्तर नंतर.

---

जुनी_पानं

छान लिहिलंय. माझ्या माहितीप्रमाणे बालगंधर्व आणि केशवराव यांचा 'संयुक्त मानापमान' याच थिएटरात झाला होता ना? त्याचा उल्लेख हवा होता.

---

तानपुरा

@जुनी_पानं, नाही हो. 'संयुक्त मानापमान' ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालीवाला थिएटरात झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी. बालगंधर्वांची भामिनी, केशवरावांचा धैर्यधर. म्हणजे केशवराव गेले त्याच्या तीनच महिने आधी. दोन कंपन्यांचे दोन मालक, दोघांचे चाहते एकमेकांचं तोंड न पाहणारे, आणि हे दोघे एका रंगमंचावर. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण नाही याची हळहळ आमच्या घरात तिसऱ्या पिढीपर्यंत आली आहे.

रंगपट, तुमच्या लेखात एक मोठी गाळलेली जागा आहे. कोल्हापुरात गाणं नाटकाबरोबर आलं नाही, ते आधीपासून होतं. 'गायन समाज देवल क्लब' १८८३ पासूनचा. आणि शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब होते. १८९५ च्या सुमाराला आले ते १९२२ साली महाराज जाईपर्यंत राहिले, मग मुंबईला गेले. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी महाराष्ट्रात रुजली ती कोल्हापूरच्या मातीत.

आता गंमत बघा. खाँसाहेबांचा मूळ आवाज तरुणपणीच गेला होता. एका संस्थानिकाच्या आग्रहाखातर दिवसचे दिवस सलग गायले आणि गळा बसला तो पूर्वीसारखा पुन्हा उघडलाच नाही. मग उरलेल्या आवाजाला झेपेल, शोभेल अशी पेचदार गायकी त्यांनी घडवली. एकाच गावात एकीकडे असा बुद्धीने उभा केलेला बारीक नक्षीचा आवाज, दुसरीकडे केशवरावांचा उंच पट्टीचा, तडफेचा, नाट्यगृहाच्या शेवटच्या भिंतीला जाऊन थडकणारा आवाज. शंभर वर्षांपूर्वीच्या कोल्हापूरकराचे कान कसे तयार झाले असतील याचा विचार करा.

केशवरावांना तालीम होती रामकृष्णबुवा वझ्यांची. ग्वाल्हेरचं खुलं, जोरकस गाणं. त्यामुळे ती तडफ नुसती देवाची देणगी नव्हती, त्यामागे गुरूही होता.

---

अप्पा_मंगळवार

रंगपट, वाचून लई बरं वाटलं. आमचं म्हातारं पॅलेसात पडदं वडायचं काम करायचं, म्हणून ही जागा मला घरच्यावानी.

हिरीची गोष्ट कुणीच कशी काढली न्हाई? स्टेजच्या खाली हीर हाय, तिच्यात पाणी हाय, म्हणून आवाज घुमतोय, असं आमी ल्हानपणापास्नं ऐकत आलोय. म्हातारं सांगायचं, "तितं वाकून बगायचं न्हाई, आत नट पडलाय." आता नट कुठला पडतोय! पोरांनी स्टेजखाली जाऊ नये म्हणून ती थाप. पण आमी चौथीत असताना दोघं गेलोच. काय दिसलं? अंदार, धूळ, लाकडाचा वास आणि एक मांजर. मांजर वरडलं आणि त्याचा आवाज असला घुमला, दोघंबी चड्डी सावरत भाईर.

---

ध्वनिवेडा

अप्पा, मांजराचा प्रयोग हा या धाग्यातला आतापर्यंतचा सर्वात शास्त्रीय पुरावा आहे!

माझा धंदा सभागृहांच्या ध्वनिरचनेचा, म्हणून जरा पाल्हाळ लावतो. विहीर असो वा नसो, पाणी आवाज 'वाढवत' नाही. पण पोकळीवर ठोकलेली लाकडी फळ्यांची जमीन हा वेगळा प्रकार आहे. तानपुऱ्याला भोपळा असतो तो काय आवाज निर्माण करतो? तार करते. भोपळा आणि त्यावरची लाकडी तबली त्या कंपनाला अंग देतात. लाकडी रंगमंचावर नट पाय आपटतो, ऑर्गनचे पाय त्याच फळ्यांवर टेकलेले असतात, ते सगळं खालच्या पोकळीत भरतं. लोकांनी त्याला विहीर म्हटलं. शास्त्र कच्चं असेल, कान पक्का होता.

खरी करामत असते ती भिंतींच्या अंतरात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. गायकाच्या तोंडातून थेट आलेला सूर आणि भिंतीवरून उलटून आलेला सूर यांच्यात सेकंदाच्या विसाव्या भागाहून कमी अंतर असेल तर कानाला ते दोन वेगळे वाटत नाहीत. एकच, पण भरदार सूर वाटतो. म्हणजे उलटून येणाऱ्या आवाजाची वाट थेट वाटेपेक्षा सतरा मीटरहून जास्त लांबू द्यायची नाही. जुनी थिएटरं अरुंद, बाजूच्या भिंती जवळ, वर लाकूड. कुणी गणित मांडलं असो वा नसो, जमून जायचं.

आणि संगीत नाटकाचं दुखणं असं, की त्याला दोन्ही हवं. बोललेला शब्द स्वच्छ पोचायचा तर गुंजन, म्हणजे आवाज थांबल्यावर त्याचं मागे रेंगाळणं, एक सेकंदाच्या आसपास पुरे. त्याहून जास्त झालं की अक्षरं एकमेकांत मिसळतात. गाण्याला मात्र थोडं जास्त गुंजन लागतं, नाहीतर सूर कोरडा पडतो. या दोहोंच्या मधली चिंचोळी वाट ज्या सभागृहाला सापडली त्याला नशीबवान म्हणायचं. शिवाय भरलेलं आणि रिकामं थिएटर वेगळं वाजतं. माणूस, त्याचं धोतर, उपरणं, शाल हे सगळं आवाज पितं. म्हणून रिकाम्या हॉलमध्ये टाळी वाजवून "व्वा, काय घुमतंय" म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

---

खडूस

सगळ्यांचे गळे दाटून आलेत म्हणून मीच वाईटपणा घेतो.

गेल्या तीस वर्षांत या थिएटरात माईकशिवाय किती जण गायले? मी तिथे जे पाहिलं त्यात प्रत्येक प्रयोगाला रंगमंचाच्या काठावर माईकची रांग होती आणि भिंतींना कर्णे. संगीत नाटकाच्या प्रयोगाला अर्धा हॉल रिकामा. आग लागल्यावर जे हजारो लोक हळहळले त्यांतले निम्मे जरी वर्षातून एकदा तिकीट काढून गेले असते तर बरं झालं असतं. दहाएक वर्षांपूर्वी कोट्यवधी रुपये घालून नूतनीकरण झालं होतं. तेव्हा ध्वनीचं काय झालं, कुणी विचारलं? खुर्च्या मऊ झाल्या का एवढंच लोकांनी पाहिलं. वाद्य म्हणता ना? मग त्या वाद्याची जवारी, म्हणजे तार झंकारावी म्हणून घोडीची करायची ती बारीक घासणी, कुणी लावली?

जुन्याचं प्रेम समजू शकतो. पण 'शाहूकालीन' म्हटलं की विचार करायचं बंद करायचं, हे महाराजांनाही आवडलं नसतं. त्यांनी त्यांच्या काळातलं सर्वात नवं ते बांधलं होतं.

---

पंचगंगा

रुमाल उचलते.

@खडूस, तुमचं शेवटचं वाक्य पटलं. बाकीचं अर्धंच पटलं. मी कॉलेजात असताना राज्य नाट्य स्पर्धेत सलग चार वर्षं तिथे होते. तीन वर्षं विंगेत, एक वर्ष रंगमंचावर, वाक्यं अवघी सहा. स्पर्धेच्या नाटकांना कुठले पैसे? एका वर्षी ऐन प्रयोगात माईक गेला. आमच्या दिग्दर्शकांनी विंगेतून नुसता हात वर केला, म्हणजे चालू ठेवा. पहिली दोन मिनिटं आम्ही सगळे ओरडत होतो. मग आमच्यातल्या एका मुलाच्या लक्षात आलं की ओरडायची गरज नाही. तो नेहमीच्या आवाजात बोलायला लागला, आणि बाल्कनीतून हशा आला. बरोब्बर ज्या शब्दावर यायला हवा त्याच शब्दावर. त्यानंतर माईक परत आला तेव्हा आम्हालाच तो नकोसा झाला.

म्हणजे जवारी शाबूत होती. आम्हीच वाद्य खोळीतून काढत नव्हतो.

---

खडूस

@पंचगंगा, बरं. हा एक गुण तुमचा.

---

कुंचला

अवांतर होईल, पण राहवत नाही. पॅलेस थिएटरचा काळ म्हणजे रंगवलेल्या पडद्यांचाही काळ. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, बाग, अरण्य, रस्ता, सगळं कापडावर, आणि असं की प्रेक्षक पडद्यालाच टाळ्या देत. पुढे दोघांना सिनेमाचं वेड लागलं. आनंदराव १९१६ मध्येच गेले. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला. त्यांच्या हाताखाली व्ही. शांताराम तयार झाले. ते शांतारामही लहानपणी गंधर्व नाटक मंडळीत होते, तिथे नेलं ते गोविंदराव टेंब्यांनी. टेंबे आपल्या कोल्हापूरचेच, 'मानापमान'च्या पूरब अंगाच्या, म्हणजे ठुमरीच्या ढंगाच्या, चाली त्यांच्या. आणि प्रभात फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा'त राजा हरिश्चंद्र तेच.

एका गावातल्या चार गल्ल्यांत हे सगळं. म्हणून नाट्यगृह जळालं म्हटल्यावर लोकांना नुसती इमारत दिसत नाही.

---

तानपुरा

@कुंचला, हे अवांतर कसलं, हाच तर धागा! पडद्यांचं आणखी एक: कापडी पडदे आवाज पितात, हे ध्वनिवेडा सांगतीलच. म्हणून पद म्हणायचं झालं की नट पुढे येऊन, प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहायचा. नंतरच्या समीक्षकांनी त्याची टिंगल केली, की प्रेयसी मागे उभी आणि हा गातोय पब्लिककडे बघून. पण तो तिथे उभा राहिला नसता तर मागच्यांना काय ऐकू आलं असतं?

---

ध्वनिवेडा

शंभर टक्के सहमत. आणि मूळ प्रश्नच तो आहे. आता पुन्हा बांधताना हे कुणाच्या गावी आहे का? वातानुकूलनाच्या झोतांची घरघर, पंख्यांची कुरकुर, दर्शनी भागातली वाहनं. आजूबाजूच्या गोंगाटाची पातळीच वर गेली की बिनमाईकचा गळा त्यात बुडतो, मग भिंती कितीही शहाण्या असोत. आगप्रतिबंधक नियमांमुळे सगळीकडे लाकूड लावता येणार नाही, हे मान्य. पण लाकडाचं ध्वनीचं काम करणारे आणि लवकर पेट न घेणारे पर्याय आज आहेत. फक्त ते निविदेत लिहावे लागतात. 'हुबेहूब पूर्वीसारखं' म्हणजे कमानी आणि रंग हुबेहूब, की आवाजही?

---

सातासमुद्रापार

मिलानजवळ राहतो, माहेर सांगलीचं (बायकोचं म्हणतोय, माझं मिरज!). इथलं एक उदाहरण.

व्हेनिसचं 'ला फेनिचे' हे ऑपेरागृह २९ जानेवारी १९९६ ला पूर्ण जळालं. दुरुस्ती चालू होती. दोन वीजतंत्र्यांनी काम लांबल्याचा दंड चुकवायला आग लावली, असं न्यायालयात सिद्ध झालं. जवळचे कालवे उपसून कोरडे केलेले, त्यामुळे आगीचे बंब पाण्याविना अडकले. पाण्यात वसलेल्या शहरात पाणी नाही! नंतर घोषणा एकच : 'जसं होतं, जिथे होतं'. २००३ मध्ये उघडलं. सोनेरी नक्षी, छतावरची चित्रं, सगळं पूर्वीसारखं.

बार्सिलोनाचं लिसेऊ त्याच्या दोनच वर्षं आधी, १९९४ मध्ये, वेल्डिंगच्या ठिणगीने जळालं. त्यांनी प्रेक्षागृह जुन्यासारखं केलं, पण रंगमंचामागची यंत्रणा पूर्णपणे नवी घातली. १९९९ मध्ये उघडलं. मला हा दुसरा मार्ग शहाणपणाचा वाटतो. प्रेक्षकाला दिसतं, ऐकू येतं ते जुनं. तारा, पाणी, सुटकेच्या वाटा नव्या.

---

जुनी_पानं

आधीच्या चुकीबद्दल कान पकडते. :) पण युरोपपर्यंत कशाला जायचं? माटुंग्याच्या षण्मुखानंदालाही १९९० मध्ये आग लागली होती. पुन्हा उघडायला १९९८ उजाडलं. आमचे काका कर्नाटक संगीताचे वेडे. ती आठ वर्षं ते दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या शाळेच्या हॉलमध्ये पत्र्याच्या खुर्चीवर बसून कचेरी, म्हणजे तिकडची मैफल, ऐकत. उघडल्यावर पहिल्या कार्यक्रमाहून घरी आले, आम्ही विचारलं कसं झालंय? तर म्हणाले, "खुर्ची मऊ आहे. झोप लागली."

---

खडूस

@जुनी_पानं, काका आवडले.

---

रंगपट

सगळ्यांचे आभार. धागा माझ्या लेखापेक्षा कितीतरी पुढे गेला.

@खडूस, तुमचा मुद्दा लागला. आगीनंतर मी पहिल्या सुट्टीत कोल्हापूरला गेलो तेव्हा दर्शनी दगडी भिंत उभी होती. आत छप्पर नाही, वर नुसतं आभाळ. खासबागेच्या बाजूचंही जळालेलं. बाहेर अडथळ्यांपाशी दहा-बारा जण उभे होते, त्यात एक शाळकरी पोरगं वडिलांना विचारत होतं, "आत काय होतं?" वडिलांना सांगता येईना. शेवटी म्हणाले, "नाटक." मी तरी काय सांगितलं असतं? मीही शेवटचा तिथे गेलो होतो त्याला सात वर्षं झाली होती. तेही एका विनोदी नाटकाला, फुकट पास मिळाला म्हणून.

@ध्वनिवेडा, तुम्ही विचारलंत की हुबेहूब म्हणजे काय. मला आता वाटतं, कमानी थोड्या इकडेतिकडे झाल्या तरी चालतील. रंग वेगळा लागला तरी चालेल. पण ज्या कामासाठी १९१५ मध्ये ते बांधलं ते काम त्याला करता आलं पाहिजे. गाणाऱ्याचा सूर माईकशिवाय शेवटच्या रांगेत गेला पाहिजे.

---

पंचगंगा

+१. मग तीच परीक्षा ठेवूया. उद्घाटनाच्या दिवशी मान्यवरांची भाषणं, दीपप्रज्वलन, नारळ, सगळं होऊ दे. ते झाल्यावर सगळे माईक बंद, एसी बंद, आणि एका गायकाने रंगमंचाच्या मध्यभागी उभं राहून एक पद म्हणायचं. संवादिनी आणि तबल्याची साथ चालेल, तीही बिनमाईकची.

---

ध्वनिवेडा

हॉल भरलेला असताना! रिकामा नको. आणि फक्त सूर नाही, शब्दही पोचले का ते विचारायचं. शेवटच्या रांगेत कुणालातरी वही-पेन देऊन बसवा, ऐकू आलेलं पद लिहून काढायला लावा. आमच्या धंद्यात खरंच अशी चाचणी असते, फक्त तिथे सुटे सुटे शब्द वाचून दाखवतात आणि ऐकणाऱ्याने किती बरोबर लिहिले ते मोजतात.

---

तानपुरा

पद कुठलं ते ठरवायला निदान तीनशे प्रतिसादांचा वेगळा धागा लागेल. मी काढत नाही.

---

अप्पा_मंगळवार

शेवटच्या रांगंला मी बसतो. वही माझी, पेन बी माझं. म्हाताऱ्याबरं तितंच बसायचो, पडदा वडून झाला की त्ये मागं येऊन बसायचं, आनि पद संपलं की मला कोपरानं ढोसायचं, "आलं का ऐकाया?" म्हणून.

फकस्त डाव्या कानानं मला कमी येतंय, तेवढं मार्कात धरून घ्या.